धावण्याची स्पर्धा पुन्हा भरवायची का? सुरतेतल्या मराठी मंडळांनी आधी कागदावर मांडायचा हिशेब

सुरत : दिवाळीला गावाकडे गेलेली मंडळी भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांनी परत आली की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या मंडळांच्या बैठका पुन्हा सुरू होतात. गणपतीचा हिशेब वाचून होतो, उरलेल्या वर्गणीचं काय करायचं ते ठरतं आणि कुणीतरी विषय काढतो, "यंदा स्पर्धा घ्यायची का?" स्पर्धा म्हणजे रस्त्यावरची दौड. कुठे पाच किलोमीटर, कुठे दहा, हौस मोठी असेल तर एकवीस. अशा लहान स्पर्धा करोनाच्या काळात थांबल्या आणि अनेक ठिकाणी थांबल्या त्या थांबल्याच. पोरं विचारतात, जुने धावणारे फोन करतात, एखादा दुकानदार पदकांचा खर्च उचलायला तयार असतो. बैठकीत उत्साह दिसतो, पण ज्या तीन-चार जणांनी मागच्या वेळी सगळं ओढलं ते गप्प बसलेले असतात.

त्यांच्या गप्प बसण्याला कारणं आहेत. खान्देशातून इथं आलेल्या कुटुंबांपैकी बरीच लूम आणि प्रोसेस मिलवर पोट भरतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या सांभाळून, रजा टाकून, वेळेला खिशातून पैसे घालून स्पर्धा उभी राहते. बक्षीस देताना फोटो सगळ्यांचे निघतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि बॅरिकेडवाल्याची बाकी मात्र ठरावीक माणसांच्या दारात येते. म्हणून "घ्यायची का" हे हात वर करून ठरवण्यात अर्थ नाही. पैसा, हवामान, वैद्यकीय तयारी आणि माणसं या चार गोष्टी कागदावर आल्या की निर्णय बराचसा आपोआप होतो.

मोठ्या स्पर्धा परतल्या, लहान का अडकल्या

करोनानंतर मोठे कार्यक्रम एकेक करून परतले. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन २०२१ आणि २०२२ मध्ये झाली नाही, ती १५ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा धावली. २०१२ पासूनची सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०२२ मध्ये परत रस्त्यावर आली. आषाढी वारीचंही तसंच. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या.

मुंबईसारख्या स्पर्धेमागे पगारी माणसं, वर्षभर चालणारं कार्यालय आणि मोठे प्रायोजक असतात. दोन वर्षं खंड पडला तरी फाइल जागेवर राहते. लहान स्पर्धेची फाइल म्हणजे एका माणसाचा मोबाइल. त्याने फोन बदलला, नोकरी बदलली किंवा तो धुळ्याला परत गेला की बॅरिकेड कोणाकडून घेतले, पोलिसांच्या अर्जाला काय जोडलं, कोणत्या चौकात माणसं कमी पडली, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. पाच-सहा वर्षांनी परत सुरू करणं म्हणजे व्यवहारात नव्याने सुरू करणंच असतं. फरक एवढाच की लोकांच्या अपेक्षा जुन्या असतात.

त्यात सुरतेचं धावणंही मधल्या काळात बदललं. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इथं 'रन फॉर न्यू इंडिया' मॅरेथॉनला हिरवा झेंडा दाखवला. तीही रात्रीची. तेवढा बंदोबस्त, दिवे आणि गर्दी ज्यांनी पाहिली ते मंडळाच्या स्पर्धेतही चिप, टी-शर्ट, पदक, मोठा मंच मागतात. मंडळही मग त्याच नादाला लागतं, आणि तोटा तिथूनच सुरू होतो.

टी-शर्टचा हिशेब

समजण्यासाठी एक काल्पनिक ताळेबंद घेऊ. आकडे मानलेले आहेत, प्रत्येक मंडळाने आपले भाव टाकून पाहावेत.

दहा किलोमीटरची स्पर्धा, ५०० धावणारे, प्रवेश फी ६०० रुपये. जमा झाले तीन लाख. आता माणशी खर्च : टी-शर्ट १८०, पदक ९०, टायमिंग चिप आणि बिब १००, नाश्ता-पाणी ८०. झाले ४५० रुपये, म्हणजे सव्वादोन लाख. हातात राहिले ७५ हजार. त्यातून मंच, साउंड, बॅरिकेड, फिरती शौचालयं, रुग्णवाहिका, विमा, सफाई आणि फ्लेक्स भागवायचे आहेत. हा खर्च पाचशे माणसं आली काय किंवा तीनशे आली काय, जवळपास तेवढाच. तो अडीच लाख धरला तर स्पर्धा पावणेदोन लाखांच्या खड्ड्यात.

बैठकीत यावर ठरलेलं उत्तर येतं की माणसं वाढवू. पण माणशी फक्त दीडशे रुपये सुटत असतील तर अडीच लाख निघायला १,६६७ धावणारे लागतात. तेवढी माणसं आली की पाण्याचे टेबल, शौचालयं, रुग्णवाहिका सगळंच वाढतं, म्हणजे अडीच लाख हा आकडाही तिथं थांबत नाही. उलट टी-शर्ट काढून टाकला तर माणशी ३३० रुपये सुटतात आणि ७५८ जणांवर हिशेब जुळतो. सुरतेत पॉलिस्टर कापड मुबलक, शिवून देणारेही घरोघरी, त्यामुळे टी-शर्ट स्वस्त वाटतो आणि त्याचा खर्च कुणी मोजत नाही. कागदावर मात्र एका धावणाऱ्यामागचा सगळ्यात मोठा खर्च तोच निघतो. ज्याला हवा त्याने वेगळे पैसे भरून घ्यावा, असं केलं तर फार तर चार जण नाराज होतील.

राहिलेली तूट प्रायोजकाने भरायची असते. इथं एक कडक नियम लावावा लागतो. शब्द दिलेले पैसे जमेत धरायचे नाहीत, खात्यात आलेलेच धरायचे. आणि खातं मंडळाचं किंवा ट्रस्टचंच हवं. खजिनदाराच्या स्वतःच्या नावाचा क्यूआर कोड लावून फी गोळा करण्याची पद्धत सोपी असते. पण उद्या आयकर खात्याने विचारलं तर ती रक्कम त्याच्या नावावर दिसते, आणि भांडण झालं तर त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. सेवा पुरवणाऱ्यासाठी जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे. एकटी लहान स्पर्धा तिथवर जात नाही, पण त्याच संस्थेचे इतर व्यवहार धरून बेरीज करायची असते. सीएला हे स्पर्धेच्या आधी विचारावं.

ताळेबंदात आणखी एक ओळ लागते आणि तीच बहुतेक वेळा नसते. स्पर्धा आयत्या वेळी रद्द झाली तर काय? टी-शर्ट छापून झालेले, पदकांवर साल कोरलेलं, मंचवाल्याला आगाऊ दिलेली. फी परत मागणारे पाचशे जण, आणि त्या फीमधला मोठा भाग खर्च झालेला. २०१२ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन ४ नोव्हेंबरला होती. सँडी वादळाने शहराची दैना झालेली असतानाही ती होणार असं सांगत राहिले आणि शेवटी २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी रद्द केली. तोवर जगभरातून लोक पोचले होते, आणि घरात वीज नसलेले शहरवासी स्पर्धेसाठी आणलेल्या जनरेटरवरून चिडले होते. पुढच्या महिन्यात आयोजकांनी पैसे परत, किंवा पुढच्या वर्षांपैकी एकात हमखास प्रवेश, असे पर्याय दिले. त्यांच्याकडे ते झेपण्याइतका पैसा होता. मंडळाने फॉर्मवरच स्पष्ट छापावं की रद्द झाल्यास किती परत मिळेल आणि कधीपर्यंत. तेवढी रक्कम स्पर्धा होईपर्यंत हात न लावता ठेवणं जमणार नसेल तर फी घेऊन स्पर्धा घेण्याची आर्थिक ताकद मंडळाकडे अजून नाही.

तारीख : पतंग, परीक्षा आणि दमट हवा

सुरतेत दौडीसाठी थंडीची खिडकी लहान आहे. ऑक्टोबरची हीट संपून डिसेंबर उजाडेपर्यंत हवा जड असते, फेब्रुवारी उलटला की ऊन चढायला लागतं आणि मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा येतात. मधे १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण. त्याच्या आगेमागे आठवडाभर शहरात मांजा लोंबकळत असतो, आणि सुरत पुलांचं शहर आहे. दुचाकीस्वार गळ्याला मफलर गुंडाळून, हँडलला तारेची कमान लावून पुलावर चढतात ते उगीच नाही. धावणाऱ्याच्या गळ्याचाही तोच प्रश्न. म्हणजे उरतात डिसेंबरचे शेवटचे आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारी मध्यापर्यंतचे काही रविवार. त्यात लग्नाच्या तिथी येतात, आणि कुठल्या वर्षी निवडणूक लागली तर पोलिसांचा बंदोबस्त तिकडे जातो.

नंदुरबार-नवापूरकडच्या धावणाऱ्यांना इथला उकाडा वेगळा लागतो. तिकडची थंडी कोरडी असते, घाम उडतो आणि अंग गार होतं. समुद्राजवळच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो. त्यामुळे नुसतं तापमान बघून भागत नाही. ऊन, वारा आणि आर्द्रता एकत्र धरणारा डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक असतो. लांब पल्ल्याच्या दौडीसाठी तो २८ अंशांच्या वर गेला तर स्पर्धा घेऊ नये, असं क्रीडावैद्यक क्षेत्रात सांगितलं जातं. तो मोजणारं यंत्र भाड्याने किंवा एखाद्या महाविद्यालयाकडून मागून आणता येतं.

शिकागोत ७ ऑक्टोबर २००७ रोजी थंडीच्या अपेक्षेने ठेवलेल्या मॅरेथॉनला तापमान ३१ अंशांपर्यंत गेलं. मागच्या धावणाऱ्यांना पाणी मिळेना आणि स्पर्धा मधेच थांबवावी लागली. त्यानंतर तिथं मार्गावर रंगांची खूण लावायची पद्धत आली. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा, मग लाल, आणि काळा म्हणजे बंद. आपल्याकडे चार रंगांचं कापड मिळायला काहीच अडचण नाही. काळा झेंडा लावायचा कोणी, हे ठरवणं अवघड आहे.

डॉक्टर, बर्फाच्या लाद्या आणि सही

"दहाच किलोमीटर आहे, त्यात काय होणार" असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेतल्या फालमथ इथं दर ऑगस्टमध्ये सव्वाअकरा किलोमीटरची दौड होते. तिथं अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले. अंतर कमी असलं की माणूस जोरात धावतो, अंगातली उष्णता भराभर वाढते. विशेष म्हणजे ते सगळे २७४ जण वाचले, कारण अंतिम रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचे टब तयार होते आणि कोसळलेल्या माणसाला आधी त्यात बसवलं जात होतं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, असा हा क्रम आहे. रुग्णवाहिकेत घालून उधन्याच्या रहदारीतून नेताना जी पंधरा-वीस मिनिटं जातात तीच महाग पडतात. मोठा प्लास्टिकचा टब, बर्फाच्या दहा-बारा लाद्या आणि गुदाशयातलं तापमान मोजता येणारा डॉक्टर एवढं साहित्य मंडळाच्या आवाक्यातलं आहे.

हृदय बंद पडण्याचं प्रमाण कमी असतं, पण भीती त्याचीच सगळ्यात जास्त. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख जणांचा अभ्यास झाला. त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं आणि ४२ दगावले. नंतरच्या, २०२३ पर्यंतच्या अभ्यासात सुमारे दोन कोटी ९३ लाख जणांमध्ये १७६ घटना झाल्या आणि ५९ मृत्यू. म्हणजे हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण वाचणारे पुष्कळ वाढले. छाती दाबणारी माणसं आणि विजेचा झटका देणारं एईडी यंत्र मार्गावर जागोजागी आलं, हे त्याचं मोठं कारण. छाती कशी दाबायची हे चाळीस-पन्नास स्वयंसेवकांना एका दुपारी शिकवता येतं. स्पर्धा झाली नाही तरी ते शिक्षण वस्तीत राहतंच.

आणि पाणी. आपल्याकडे पाणी पाजणं पुण्याचं काम, त्यामुळे दर टेबलावर आग्रह होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्यपेक्षा कमी निघालं, आणि त्याच्याशी सगळ्यात घट्ट जुळणारी गोष्ट म्हणजे धावताना प्यायलेलं जास्तीचं पाणी. धोका हळू धावणाऱ्यांना जास्त, कारण ते जास्त वेळ मार्गावर असतात आणि प्रत्येक टेबलावर थांबतात. तहान लागेल तसं प्या, एवढंच स्वयंसेवकाने म्हणावं.

साताऱ्यात २०२२ मध्ये स्पर्धा परतली त्याच वेळी एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला. मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये दोन जण गेले. पूर्ण तयारी असलेल्या ठिकाणीही हे होऊ शकतं, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. "मी स्वतःच्या जबाबदारीवर धावत आहे" या फॉर्मवरच्या सहीवर मंडळं फार विसंबतात. ती सही धावणाऱ्याला धोक्याची जाणीव करून देते, इतकंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फौजदारी जबाबदारी कुणाच्या सहीने माफ होत नाही. बेंगळुरूत ४ जून २०२५ रोजी क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरीत ११ जण गेले, तेव्हा गुन्हे आयोजकांवरच दाखल झाले. तेव्हापासून परवानगीच्या अर्जावर कोणाचं नाव घालायचं, हा प्रश्न कुणीच हलक्यात घेत नाही. घ्यायलाही नको.

थांबवायचा अधिकार

चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी दौडीत १७२ जण उतरले होते. दुपारी वारा, गारा आणि थंडी एकदम आली आणि २१ जण गारठून गेले. तिथला सगळ्यात कठीण टप्पा असा होता की गाडी पोचत नव्हती आणि वर आडोसा नव्हता. पुढे चीनने अशा स्पर्धा देशभर थांबवल्या. सुरतेत गारठ्याने कोणी मरणार नाही. पण वातावरण बिघडतंय हे दिसत असताना "आता थांबा" म्हणणारा एक ठरलेला माणूस हवा, हे इथंही लागू आहे. तो मंडळाचा अध्यक्ष नसावा, कारण त्याच्या शेजारी पाहुणे आणि प्रायोजक उभे असतात. तो डॉक्टर असावा, आणि त्याचा शब्द शेवटचा असेल असं आधी लेखी ठरलेलं असावं.

मार्ग आखतानाच निम्मी काळजी कमी करता येते. दहा किलोमीटर सरळ नेऊन आणायचं तर वीसेक चौक अडवावे लागतात, पाण्याची पाच ठिकाणं लागतात, शंभरेक स्वयंसेवक लागतात, आणि कोसळलेला माणूस कुठे आहे ते शोधण्यात वेळ जातो. अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्या ठेवल्या तर पाण्याची दोन ठिकाणं पुरतात, रुग्णवाहिका कुठूनही दोन-तीन मिनिटांत पोचते, आणि वस्तीतल्या लोकांना धावणारे चार वेळा दिसतात. फेऱ्या मारणं कंटाळवाणं, अशी तक्रार येईल. येऊ द्यावी. अंतर मात्र नीट मोजावं, मोटरसायकलच्या मीटरवर नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी निघाला आणि सुमारे चोवीस हजार जणांच्या वेळा बाद झाल्या. फेरीचा मार्ग असेल तर एवढीशी चूकही चौपट होते, म्हणून मोजताना दोन माणसं हवीत.

लांब पल्ल्याची माणसं हलवायची तर आधी व्यवस्था पुढे पाठवावी लागते, हा धडा याच जिल्ह्याच्या मातीत आहे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा सुमारे ३८५ किलोमीटर चालली आणि एप्रिलच्या सुरुवातीला सुरतेहून डिंडोलीवरून नवसारीकडे गेली. आज जिथं गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते तेच हे डिंडोली. त्या ७८ सत्याग्रहींच्या पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण तुकडी' चालत होती. मुक्कामाची जागा, पाणी, जेवण, शौचाचे चर, सगळं ती आधी पोचून बघायची. त्या पोरांचे फोटो फारसे निघाले नाहीत, पण पदयात्रा रोज वेळेवर मुक्कामाला लागत होती ती त्यांच्यामुळे.

त्याच यात्रेत २९ मार्चला सुरत जिल्ह्यातल्या भाटगाम इथं गांधीजींनी आपल्याच माणसांच्या खर्चाची जाहीर झडती घेतली होती. सुरतेहून मोटारीने दूध का मागवलं, मजुराच्या डोक्यावर जड दिवा देऊन रात्री का चालवलं, असा त्यांचा जाब होता. स्पर्धेचा हिशेब मांडणाऱ्या खजिनदाराने ते भाषण वाचावं. पहाटे चार वाजता खुर्च्या उचलायला रोजंदारीवर आणलेला मजूर आपल्याच गल्लीतला असतो, आणि तो धावायला नसतो.

इथंच "कोणासाठी" हा प्रश्न येतो. सहाशे रुपये फी ठेवली की रनिंग ग्रुपवाले येतात, त्यांच्याकडे भारी बूट आणि घड्याळं असतात. तेही यावेत. पण लूमवर रात्रपाळी करून सकाळी सुटणारा माणूस, महापालिकेच्या मराठी शाळेतली पोरं, चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणारी बायामाणसं, यांच्यासाठी मंडळ असतं. खान्देशातून गडावर चालत जाणाऱ्यांना चिकाटी शिकवावी लागत नाही. त्यांच्यासाठी बिनफीचा तीन किंवा पाच किलोमीटरचा गट ठेवला, पाळीच्या वेळा बघून तो उशिरा किंवा संध्याकाळी सोडला, तर वस्तीला ही स्पर्धा आपली वाटते. तो नसेल तर मंडळ दुसऱ्यांसाठी फुकट राबणारी इव्हेंट कंपनी होऊन बसतं.

मधला रस्ताही आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले आणि त्यातून पार्करन सुरू झालं. दर शनिवारी पाच किलोमीटर, फी नाही, टी-शर्ट नाही, रस्ता बंद करणं नाही. आज ते अनेक देशांत चालतं. सायकलवाल्यांच्या ब्रेव्हे प्रकारात क्रमांकच नसतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, पंक्चर स्वतः काढायचं. सुरत-नवापूर-सुरत अशी कल्पना सुचायला वेळ लागत नाही, पण त्या महामार्गावर हजिऱ्याकडचे ट्रक रात्रंदिवस धावतात, तेव्हा तो नाद अनुभवी सायकलवाल्यांवरच सोडलेला बरा. मंडळाला झेपेल अशी गोष्ट म्हणजे एखाद्या बागेत महिन्यातून एकदा पाच किलोमीटर. सहा महिने ती न चुकता घेतली की कोण खरोखर पहाटे येतो आणि कोण नुसता ग्रुपवर अंगठा दाखवतो, ते कळतं. मोठ्या स्पर्धेचे स्वयंसेवक त्यातूनच निवडायचे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्पर्धा घ्यायची तर दिवाळीनंतरची बैठक उशिराची ठरते. पोलीस, वाहतूक शाखा आणि महापालिका यांच्याकडचे अर्ज, रुग्णालयाशी बोलणं, मार्ग मोजणं याला तीन-चार महिने सहज जातात. गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये बसून कागद पुढे ठेवावा. त्यावर डॉक्टरचं नाव, खजिनदाराचं नाव, शंभर स्वयंसेवकांची फोन नंबरसह यादी आणि खात्यात प्रत्यक्ष जमा असलेली रक्कम, एवढं लिहावं. सप्टेंबरअखेरपर्यंत यातली एकही जागा रिकामी राहिली तर त्या वर्षी बागेतलेच पाच किलोमीटर घ्यावेत आणि फ्लेक्सवाल्याला फोन करू नये.